कार्बोरेटरचा सांडवा

धरण बांधताना साठणाऱ्या पाण्याचा जेवढा विचार करावा लागतो, तेवढाच न मावणाऱ्या पाण्याचाही करावा लागतो. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाला सांडवा आहे तो एवढ्यासाठीच, की पातळी मर्यादेबाहेर गेली तर जादा पाणी वाटेल तेथून न कोसळता ठरलेल्या वाटेने, भिंतीच्या पायाला धक्का न लावता, नदीपात्रात उतरावे. जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरला जोडलेली, जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर जाडीची एक नळी नेमके हेच काम करते. गॅरेजमध्ये तिला ओव्हरफ्लो पाइप म्हणतात. जुन्या गाडीच्या नूतनीकरणात रंग, क्रोम आणि गादीकाम यांवर महिनेच्या महिने जातात. ही नळी मात्र इंजिन उतरवताना कोठेतरी हरवते आणि परत बसवताना कोणाला आठवत नाही, कारण तिच्यावाचून गाडी सुरू होते, चालते आणि दिसायलाही उत्तम दिसते. तिची उणीव कळते ती पेट्रोल तापलेल्या लोखंडावर सांडल्यावर, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

ही नळी का लागते हे समजण्यासाठी कार्बोरेटरची रचना थोडक्यात पाहावी लागेल. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १८९३ च्या सुमारास तरंगत्या फ्लोटवर चालणारा, पेट्रोलचे तुषार उडवणारा कार्बोरेटर सिद्ध केला आणि पुढची शंभर वर्षे मोटारींनी त्याच तत्त्वावर काढली. टाकीतून पंपाने आलेले पेट्रोल प्रथम फ्लोट चेंबर नावाच्या लहान डबीत उतरते. तीत पितळी किंवा प्लास्टिकचा पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली टोकदार सुई, म्हणजे नीडल व्हॉल्व्ह, पेट्रोलच्या वाटेचे तोंड बंद करते. इंजिनाने पेट्रोल ओढून घेतले की पातळी उतरते, सुई खाली येते आणि पेट्रोल पुन्हा आत येऊ लागते. शेजारच्या जेटमधून म्हणजे बारीक छिद्रातून किती पेट्रोल हवेत मिसळावे हे या पातळीवर अवलंबून असल्याने ती मिलिमीटरच्या हिशेबात सांभाळावी लागते.

सारी मदार त्या सुईच्या टोकावर असते. टाकीतल्या गंजाचा एक कण सुई आणि तिची बैठक यांच्यामध्ये अडकला, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सुईला खाच पडली, किंवा पितळी फ्लोटला केसाएवढी चीर जाऊन तो पेट्रोल पिऊन जड झाला, तर पेट्रोलची वाट बंदच होत नाही आणि पंप मात्र आपले काम करत राहतो. कार्बोरेटरच्या जमान्यातील पंपाचा दाब फार नसतो, साधारण पाव बारच्या आतबाहेर. पण तेवढ्या दाबानेही डबी काही क्षणांत काठोकाठ भरते. आजकाल जुना पंप निकामी झाला की हाताशी असलेला विजेवरचा पंप जोडून देण्याची पद्धत आहे, आणि तो पंप इंजेक्शनच्या गाडीचा असेल तर त्याचा दाब तीन बारच्या घरात असतो; एवढ्या दाबापुढे निर्दोष सुईसुद्धा टिकाव धरू शकत नाही. जादा पेट्रोलला अशा वेळी बाहेर पडावेच लागते. प्रश्न उरतो तो कोठून पडावे आणि कोठे पडावे एवढाच.

पेट्रोलचे काही गुणधर्म येथे आकड्यांत माहीत असलेले बरे. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही त्यातून पेट घेण्याजोगी वाफ निघत असते, त्यामुळे महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत सांडलेले पेट्रोल हे पेटण्याच्या तयारीतच असते. हवेत त्याच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती वर विरून न जाता खाली उतरते, इंजिनाखालच्या पत्र्यावर रेंगाळते आणि गाडी गॅरेजच्या पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करण्याच्या खड्ड्यावर, उभी असेल तर त्या खड्ड्यात साठते, जेथे बहुधा हातदिवा लोंबत असतो. बंदिस्त जागेत सुमारे २८० अंशांच्या पुढे पेट्रोलची वाफ ठिणगीवाचूनही पेटू शकते. उघड्या तापलेल्या पृष्ठभागावर याहून बरेच अधिक तापमान लागते, पण चढावर ताण घेणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला वायू गोळा करणारी ओतीव लोखंडाची नळ्यांची जुडी, तेवढा तापतोच.

आता ही जुडी कार्बोरेटरपासून किती दूर असते ते पाहावे. अ‍ॅम्बॅसेडर हे याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आहे. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज घराण्यातले. त्याच घराण्यातील इंजिने मॉरिस ऑक्सफर्ड आणि एमजी या गाड्यांतही होती. या इंजिनांत हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला, चालकाच्या दृष्टीने डाव्या हाताला आहे आणि कार्बोरेटर अक्षरशः एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसवलेला आहे. डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो आणि सेल्फ, म्हणजे ठिणगीचा संभव असलेली सगळी उपकरणे, उजव्या हाताला येतात. म्हणजे एका बाजूला उष्णता आणि दुसऱ्या बाजूला वीज अशी स्थिती असून सांडलेल्या पेट्रोलला दोन्ही टाळून जमिनीपर्यंत पोहोचायचे असते. एमजीसारख्या गाड्यांवर बसणाऱ्या एसयू बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबर बाजूला स्वतंत्र असते आणि त्याच्या झाकणावर एक आखूड तोटी असते. ओव्हरफ्लो पाइप तिला जोडायचा असतो. ती तोटी उघडी सोडली तर पेट्रोल चेंबरच्या अंगावरून ओघळून थेट खालच्या मॅनिफोल्डवर ठिबकते. कार्बोरेटरखाली बसवलेला उष्णतारोधक पत्रा हे ओघळ काही प्रमाणात अडवतो, पण तो आहे म्हणून नळीची गरज नाही असे मानणे धोक्याचे आहे, कारण पत्र्यावर पडलेले पेट्रोल शेवटी त्याच्या कडेवरूनच उतरते.

नळी कोणत्या बाजूने उतरवावी हे ठरवताना गाडी उभी असल्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही. धावत्या गाडीत पंख्याचा आणि रस्त्यावरचा वारा थेंबांना मागे ढकलतो. नळीचे तोंड सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळाच्या पुढे आणि त्याच्याच उंचीवर सोडले, तर उभ्या गाडीत पेट्रोल जमिनीवर पडताना दिसते आणि तेच पेट्रोल वेगात नेमके तापलेल्या नळावर उडते. म्हणून तोंड धुराच्या नळाच्या मागे किंवा निश्चितपणे त्याच्या खाली आणि त्याच्यापासून किमान वीतभर बाजूला असावे. इंजिनाखाली पत्रा असेल तर त्या पत्र्याच्याही खाली यावे, नाहीतर पत्राच पेट्रोलचे ताट होतो. चॅसीच्या आडव्या पट्टीला नळी टेकली असेल तर थेंब पट्टीच्या अंगाने वाहत कोठल्या कोठे जाऊन ठिबकतो, यासाठी तोंड मोकळे लोंबते ठेवणे आणि ते तिरपे कापणे चांगले. चाक, ब्रेकचा ड्रम आणि क्लचचे झाकण या तीन जागा अर्थातच वर्ज्य.

मात्र पेट्रोल खाली नेणे हे या नळीचे अर्धेच काम आहे, आणि उरलेले अर्धे ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात. फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर बाहेरच्या हवेइतकाच दाब असावा लागतो, तरच जेटमधून ते योग्य मापात ओढले जाते. एसयूसारख्या रचनेत ही हवा त्याच तोटीतून, म्हणजे त्याच नळीतून आतबाहेर करते. ज्या नळीतून चेंबर श्वास घेते तिच्यात पेट्रोल अडून राहील असा कोणताही खळगा नको. नळी खाली जाऊन पुन्हा वर आली आणि मग उतरली, तर त्या वळणात साचलेले पेट्रोल बुचाप्रमाणे हवेची वाट रोखते आणि इंजिन कारण न कळता गचके खाऊ लागते. त्याच कारणाने नळीचे तोंड वाऱ्याच्या थेट माऱ्यात धरू नये, कारण आत घुसणारी हवा चेंबरमधला दाब वाढवून मिश्रण दाट करते आणि तोंडावरून सुसाट जाणारी हवा उलट ओढ निर्माण करून ते पातळ करते. दोन कार्बोरेटर असलेल्या गाडीत दोन्ही नळ्या टी-जोडाने एकत्र करून एकच नळी खाली सोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास एकाचे सांडलेले पेट्रोल दुसऱ्याची हवा अडवू शकते, शिवाय दोघांपैकी कोणाची सुई गळते आहे हेही कळत नाही. प्रत्येकाची नळी स्वतंत्र असावी आणि दोन्ही तोंडे डोळ्यांना दिसतील अशी असावीत. नळीचे तोंड बाटलीत किंवा डब्यात सोडणे हा घरगुती उपाय तर निव्वळ घातक आहे, कारण त्यामुळे तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलचा साठा तयार होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, या विषयाला दोन कारणांनी विशेष महत्त्व येते. पहिले कारण हवामान आणि रस्ते यांचे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि शहरातून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना इमामपूरचा, पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट लागतो. पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतात. घाट चढून आलेली जुनी गाडी माथ्यावर बंद केली की पंख्याचा वारा थांबतो, खालच्या मॅनिफोल्डची धग वर चढते आणि काही मिनिटांत फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून वाफेसह वर येते; सुई अगदी नवी असली तरी अशा वेळी नळीतून पेट्रोल बाहेर येऊ शकते. चढावर गाडीचे तोंड वर झाल्याने फ्लोट चेंबर आणि जेट यांच्या पातळ्यांमधला फरकही बदलतो, तो भाग वेगळा. इंजिन बंद केल्यानंतरचा पहिला पाव तास हा चालण्याच्या वेळेपेक्षा अधिक जपण्याचा असतो, आणि तेव्हाच चालक बोनेट उघडून, तोंडात पेटती विडी ठेवून आत वाकतो.

दुसरे कारण या जिल्ह्याच्या शेतीतून आलेले आहे. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली आले, त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने १९५० साली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना सुरू केला, जो आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो आणि ज्याच्या वसाहतीला प्रवरानगर हे नाव मिळाले. साखरेमागून मळी, मळीमागून आसवनी आणि आसवनीतून इथेनॉल असा हा प्रवास पुढे पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोहोचला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे पहिले सरकारी प्रयोग २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली या भागांत झाले, आणि त्यांतले मनमाड तर या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून जवळच आहे. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२३ पासून येऊ लागलेले वीस टक्क्यांचे पेट्रोल आता सर्रास मिळते. ऊस पिकवणाऱ्याला त्यातून पैसा मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु १९६० किंवा १९७० च्या दशकातील गाडीचे रबर, बुचाचे गॅस्केट आणि जस्तमिश्र धातूचा कार्बोरेटर इथेनॉलसाठी घडवलेले नव्हते.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, मऊ करते आणि मग त्याला चिरा पाडते. ते हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ओल वाढत जाऊन पाणी आणि इथेनॉल खाली वेगळे पडते आणि टाकीचा तळ गंजवते. टाकीच्या आतल्या भिंतींवर कित्येक वर्षे बसलेला चिकट थरही ते सोडवते. हा सुटलेला थर आणि गंज शेवटी जातो कोठे, तर नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीवर. वर्षानुवर्षे कधी न गळलेला कार्बोरेटर अलीकडे अचानक गळू लागला अशी जी तक्रार जुन्या गाड्या सांभाळणारे करतात, तिचे मूळ बरेचदा येथे सापडते. आणि एकेकाळी अपघातापुरती असलेली ओव्हरफ्लोची नळी आता प्रत्यक्ष कामाला येऊ लागली आहे. पंपानंतर बारीक जाळीचा फिल्टर बसवणे, टाकी आतून स्वच्छ करून घेणे आणि सुईचे टोक फ्लुओरोकार्बन रबराचे घेणे हे मूळ रोगावरचे उपाय होत. नळी रोग बरा करत नाही. ती फक्त त्याचा परिणाम निरुपद्रवी जागी नेऊन सोडते.

नळी कशाची असावी हा प्रश्नही याच संदर्भात सोडवावा लागतो. मॅनिफोल्डजवळून जाणारा भाग धातूचाच हवा. पोलादी किंवा तांब्याची नळी हाताने सावकाश वाकवता येते आणि उष्णतेला जुमानत नाही. चेंबरच्या तोटीपाशी जोड म्हणून आखूड रबरी होज घ्यावा लागला तर त्यावर इंधनासाठी असल्याचा आणि इथेनॉल सहन करत असल्याचा स्पष्ट छाप असावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी जुन्या गाड्यांत हमखास दिसते. आतले पेट्रोल दिसते हा तिचा गुण सांगितला जातो, पण उष्णतेने ती आधी मऊ पडून वळणावर चेपते आणि पुढे पिवळी, कडक होऊन तोटीवरून निसटते. नळीचा आतला व्यास तोटीच्या व्यासाहून कमी नसावा. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलत असल्याने नळीला सारे क्लिप इंजिनालाच लावावेत. एक टोक इंजिनाला आणि दुसरे चॅसीला घट्ट बांधले तर धातूची नळी काही महिन्यांत जोडापाशी चिरते.

सगळ्याच गाड्यांत ही नळी एकाच रूपात भेटत नाही. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत वापरलेल्या, हवा वरून खाली घेणाऱ्या कार्बोरेटरमध्ये जादा पेट्रोल बाहेर न पडता आतल्या नरसाळ्यातून सिलिंडरकडे जाते. तेथे आगीपेक्षा इंजिन ऑइल पातळ होण्याचे भय मोठे असते, म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का हे पाहावे लागते. त्याउलट दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांत कार्बोरेटर इंजिनाच्या खालच्या अंगाला असून हवा खालून वर जाते, त्यामुळे सांडलेले पेट्रोल त्याच्या तोंडातूनच खाली येते. अशा गाडीत कार्बोरेटरखाली लहान तबक आणि तबकातून जमिनीकडे नळी अशी योजना करतात. नगर येथेच फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७० च्या दशकापासून घडवलेल्या लुनासारख्या दुचाकींतही फ्लोट चेंबरचे हेच तत्त्व आहे आणि पेट्रोलचा कॉक उघडा राहिला की पेट्रोल वाहू लागण्याचा अनुभव त्या पिढीतल्या घराघराला आहे. शहरातल्या रणगाडा संग्रहालयात, जे लष्कराच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उभे केले, रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पेट्रोलवर चालणाऱ्या सेंच्युरियन रणगाड्यापर्यंतची वाहने शेजारी शेजारी पाहता येतात. पेट्रोल हे किती काळ युद्धाच्या वाहनांतही खेळवावे लागले आणि पुढे सैन्ये डिझेलकडे का वळली, याची एक बाजू तेथे उभे राहिले की सहज उमगते, कारण डिझेलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघण्यासाठी पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते.

नळी बसवल्यावर तिची परीक्षा गाडी सुरू न करता घेता येते आणि तशीच घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची तार सोडावी, नळी तोटीवरून काढून तिच्या वरच्या टोकात छोट्या नरसाळ्याने कपभर पाणी ओतावे आणि गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून पाणी कोठे पडते, कोणत्या भागाला स्पर्श करून पडते, नळीत किती अडून राहते हे पाहावे. मग पुढची चाके विटांवर किंवा उतारावर चढवून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण सपाट जमिनीवर सरळ उतरणारी नळी चढावर कधीकधी खळगा धरते. शेवटी नळी फुंकून कोरडी करावी. त्यानंतर ती पुन्हा जोडून, पंपाच्या अंगावर हाताने चालवण्याची कळ असेल तर ती काही वेळ दाबत राहावी: चेंबर भरल्यावर कळ हलकी लागू लागली आणि नळीच्या तोंडाशी थेंब आला नाही, तर सुई आपले काम करते आहे. विजेवरचा एसयू पंप असल्यास तार जोडून, इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली की टिकटिक थोड्या वेळात थांबली पाहिजे. ती चालूच राहिली तर पेट्रोल कोठेतरी वाहते आहे.

ही परीक्षा एकदा घेऊन सोडून देण्याजोगी नाही, आणि त्याचे एक कारण यंत्राशी संबंधितही नाही. कुंभारीण माशीला अंडी घालण्यासाठी असेच बारीक, कोरडे, आडोशाचे तोंड हवे असते. शेडमध्ये दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या ओव्हरफ्लो पाइपात तिने मातीचे बूच घातलेले आढळते. वरून पाहता नळी जागच्या जागी, क्लिप घट्ट, सारे ठीक दिसते, पण आत चेंबरचा श्वास बंद झालेला असतो आणि सांडणारे पेट्रोल मागे फिरून जेटमधून इंजिनात शिरते. तोंडावर बारीक जाळी बसवली तर माशी अडते, मात्र जाळीत धूळ बसते आणि तीही पुसत राहावी लागते. त्यापेक्षा गाडी उभी ठेवताना तोंडाला लाल चिंधी सैलसर बांधून ठेवणे आणि तिचेच दुसरे टोक स्टिअरिंगला दिसेल असे अडकवणे सोपे. पन्नास वर्षांवरील वाहनांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणजे ती वर्षातला बहुतेक काळ उभीच राहणार. म्हणून दीर्घ विश्रांतीनंतर गाडी बाहेर काढताना टायरमधल्या हवेबरोबर या नळीतही फुंकून पाहावे, आणि कोरड्या रासायनिक पावडरचे अग्निशामक नळकांडे बोनेटखाली किंवा डिकीत न ठेवता चालकाच्या हाताशी, आसनाजवळ बसवावे, कारण पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारल्यास ते पाण्यावर तरंगत आणखी पसरते.